निळा रेणू आणि आबांचा चेहरा

सात वर्षं पौर्णिमानं एकच ध्यास घेतला होता. इरिडियम नावाच्या धातूपासून असा रेणू घडवायचा, की वीज मिळताच तो निळा उजळेल आणि लवकर विझणार नाही; कारण टीव्हीच्या पडद्यात निळाच सगळ्यात आधी मान टाकतो. डॉक्टरेट मिळाली. नोकरी मात्र माजलगावच्या कॉलेजात तासिकेवर, तीही संस्थाचालक सुंदरराव आबांची मर्जी असेल तोवर.

एकदा भर तासातून आबांनी तिला घरी बोलावून घेतलं. स्वतःच्या वाढदिवसाची जाहिरात त्यांनी भिंतीवरच्या भारी टीव्हीवर महिनाभर तशीच लावून ठेवली होती, आल्यागेल्यानं बघावी म्हणून. आता बातम्या लावा नाहीतर सिनेमा, मागं आबांचा चेहरा आहेच.

“तुमी ह्याच उजेडाच्या डॉक्टर ना, म्याडम? मंग हे काहून जात न्हाई?”

“तिथले रेणू जळाले, आबा. पडदा आहे तोवर तुम्हीच दिसणार.”

आबा लई खूश झाले. “मंग ऱ्हाऊ द्या की! आन् कॉलेजातल्या टीव्हीवर बी असंच बसवून द्या. तुमच्या कायम नोकरीचं मंग बघू.”

“बरं, आबा,” पौर्णिमा म्हणाली.