मावळतीकडचं गाव

करडईच्या ताज्या तेलाचा वास आला की आजा आठवतो. निजामाच्या राजवटीत तो कानडी मुलखातून आमच्या ईट गावी आला आणि जन्मभर तेलाचा घाणा चालवत राहिला. सांजच्याला बैल सोडला की मी त्याच्या मांडीवर बसून विचारायची, "तुमचं गाव कुठं हाय?" तो तेलकट हात मावळतीकडं करून म्हणायचा, "तिकडं." मरताना वडिलांना त्यानं एवढंच सांगितलं, "मला बसवताना तोंड गावाकडं करा." आमच्या लिंगायतांच्या रीतीनं त्याला समाधीत बसवलं, कपाळी विभूती लावली, तोंड मावळतीकडं केलं. तिसऱ्या दिवशी त्याची म्हातारी बहीण बैलगाडीनं आली. "तोंड कुणीकडं केलं रं?" तिनं विचारलं. वडिलांनी दाखवलं, तशी ती गोंधळली. "तिकडं कशाला? आपलं गाव दक्षिणंला हाय." वडील हातातली समाधीची फुलं तशीच धरून मावळतीकडं बघत राहिले, तिकडं नुसतं माळरान होतं. "मग आत्या, ते रोज काय दावत व्हते?" मला ते अजून कळलेलं नाही. आता मी राहते तिथून ईट उगवतीला आहे, तरी नातवंडांनी गाव विचारलं की माझा हात मावळतीकडंच जातो.