निरोपाच्या दहा ओळी

बहारीनमध्ये मराठी माणूस सहसा मरत नाही. त्याचा व्हिसा संपतो. मग तिथल्या मराठी मंडळाच्या 'द्वीपवार्ता' या मासिक पत्रात त्याच्यावर दहा ओळी येतात. त्या ओळी एकोणीस वर्षं किसन ओव्हाळ लिहीत आले होते. एरवी ते हमद टाउनमध्ये लोकांचे एसी दुरुस्त करत, सुट्टीच्या शुक्रवारी माणसं. सगळ्यांशी भांडून बसलेला एक अकाउंटंट त्यांच्या हातून 'स्पष्टवक्ता' होऊन पुण्याला परतला. कुणाला कधी चहाही न पाजलेले एक इंजिनिअर 'काटकसरी' झाले.

यंदा साठी उलटली, कंपनीनं व्हिसा पुढं वाढवला नाही, आणि किसनरावांची पाळी आली. त्यांची इच्छा एकच होती: आपल्यावर दुसऱ्या कुणीतरी लिहावं.

"छे हो, किसनराव!" बुदैया भागातल्या आपल्या बंगल्यातून पत्राचे संपादक अनिरुद्ध फोनवर म्हणाले. ते बँकेत मोठ्या हुद्द्यावर. "तुमच्यासारखं लिहिणार कोण? तुम्हीच टाका ना. रविवारपर्यंत. यल्ला, चला लवकर!"

किसनराव कागद घेऊन बसले. 'किसन ओव्हाळ हे' एवढं झालं. पुढं विशेषण सुचेना; होती नव्हती ती सगळी वाटून झाली होती.

"काय झालं?" बॅगा भरता भरता त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी विचारलं.

"स्वतःच्या गळ्यात स्वतःच हार घालायचा म्हणजे..."

"आणा इकडं. दुनियेला घातले तवा नाही लाज वाटली!"

सातवी शिकलेल्या सुमनबाईंनी कागद मांडीवर घेतला आणि न थांबता लिहिलं:

'किसन ओव्हाळ यांनी बावीस उन्हाळे या बेटावरची घरं गार ठेवली. आमच्या घरातला एसी गळतो. खाली बादली ठेवलेली आहे. कुणाचा फोन आला की हे जेवणावरून उठायचे. मी रागवायची, तरी जायचे. आता ताट पुरं होईल.'

किसनरावांनी दोनदा वाचलं. सवयीनं पेन बादलीवर गेलं, तिथंच थबकलं. मग त्यांनी कागदाचा फोटो काढून पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी अनिरुद्धांचा फोन आला. "वहिनींनी छान लिहिलंय हो. पण बादली काढू या का? बरं दिसत नाही. आणि दहा ओळी भरत नाहीत. मनमिळाऊ, सेवाभावी असं काहीतरी मीच घालतो."

एकोणीस वर्षं 'हो साहेब' म्हणत आलेले किसनराव म्हणाले, "एक अक्षर हलवायचं नाही, साहेब. ते मी लिहिलेलं नाही."