गुरुवारचा फोन

आमच्या फोनवाल्या बाईंचं काम सांगायला सोपं. जीव द्यायला निघालेलं माणूस दवाखान्यात वाचलं, घरी गेलं, की वर्षभर ठरल्या दिवशी त्याला फोन करायचा. जेवलात का, झोप लागते का, गोळ्या आहेत का, आणि परत तसे विचार येतात का. हा शेवटचा प्रश्नही त्या बाकीच्यांसारखाच सरळ विचारायच्या. मी शेजारच्या टेबलावर फायली सांभाळतो, तोंडाने फटकळ आहे. "बाई, माझी कधी एवढी चौकशी केली नाहीत," असं म्हटलं की त्या म्हणायच्या, "तुम्हाला काय धाड भरलीय?"

एका शिंप्याला त्या दर गुरुवारी अकराला फोन लावायच्या. तो उचलायचा, पण तोंडातून ब्र काढायचा नाही. नुसतं शिलाई मशीन ऐकू यायचं. बाई बोलायला लागल्या की मशीन थांबायचं, चारही प्रश्न संपले की पुन्हा सुरू. बाई खुशाल फॉर्मवर 'बोलणं झालं' असं ठोकून द्यायच्या. साहेबांना ते कळलं. या महिन्यात तो एक शब्दही बोलला नाही तर फाईल बंद आणि फोनही बंद, असं त्यांनी बजावलं. बाईंचा चेहरा उतरला. "त्याला फोन करणारं दुसरं कोणी नाही हो," एवढंच म्हणाल्या.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी बाईच नव्हत्या. सोमवारी तापाने पडल्या, रजेचा निरोप तेवढा आला. घरी त्या एकट्याच. त्यांचे फोन आता कोण करणार, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

बारा वाजता खिडकीशी एक वाळलेला माणूस येऊन उभा राहिला, गळ्यात मापाची टेप तशीच. दोनदा घसा खाकरला.

"अकराला फोन आला नाही," तो म्हणाला. "बाई बऱ्या आहेत ना?"

कर्मचाऱ्याचा नंबर द्यायचा नाही असा नियम आहे. गेला खड्ड्यात नियम, मीच नंबर लावला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

त्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला. मग म्हणाला, "मी शिंपी. जेवलात का?" थोडं थांबून, "झोप लागते का?" मग, "गोळ्या आहेत का?" त्याच क्रमाने, बाई विचारायच्या तसं. चौथा प्रश्न मात्र त्याने विचारला नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मला येतात. पण आता कमी."

रिसीव्हर माझ्याकडे देऊन तो निघून गेला. पलीकडे बाईंचा आवाज पार बसलेला.

"फॉर्म भरा. तो बोलला."

"भरतो. तुम्ही कशा आहात?"

"बरी आहे. चार दिवसांत हा पहिलाच फोन."

त्यांची खुर्ची माझ्यापासून हातभर अंतरावर आहे. त्यांचा नंबर चारही दिवस माझ्याच खणात होता.