दिवाळसणाचा पांढरा रस्सा

मी कोल्हापूरची, आणि मटण पहिल्यांदा खाल्लं ते मुंबईत, सासरी. हे सांगितलं की लोक हसतात. बाहेरच्यांचा ठाम समज असतो की कोल्हापुरात जन्मलेलं मूल तांबड्या रश्श्यावरच वाढतं. आमच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नव्हतं. वडील, म्हणजे आबा, शाळेत मास्तर आणि पक्के माळकरी. आई उचगावची, खाणाऱ्यांच्या घरातली, पण लग्न झाल्यावर तिनं सोडलं. कुणी सोडायला लावलं नव्हतं. नवरा खात नाही तर आपण कशाला, एवढंच तिचं म्हणणं.

माझं सासर मटण खाणारं आहे हे आबांना ठाऊक होतं. त्यांनी त्याचा बाऊ केला नाही. मी सासरी निघाले तेव्हा एवढंच म्हणाले, "रांधून घाल सगळ्यास्नी. तू तेवढं तोंडाला लावू नगंस." मी मान हलवली आणि काही महिने पाळलंही. मग एका रविवारी सगळ्यांबरोबर पंगतीला बसले आणि ताटात पडलं ते खाल्लं. मला ते आवडलं. नुसतं आवडलं नाही, मी पुन्हा मागून घेतलं. तेव्हापासून माहेरचं पत्र आलं की मी ते तोंडापासून लांब धरून उघडायचे, जणू आबा पाकिटातूनच वास घेणार होते.

पहिल्या दिवाळीला आम्ही दोघं दिवाळसणाला कोल्हापूरला आलो. सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आमचे हे स्वतःला मोठे खवय्ये समजत. गाडीत बसल्यापासून एकच जप, इथं काय खायचं, तिथं काय खायचं. "तू तर इथलीच. सगळ्यात झणझणीत मिसळ कुठं मिळते?" मला कुठं माहीत? आमच्याकडे बाहेर खाणं म्हणजे रंकाळ्यावरची भेळ, तीसुद्धा पाहुणे आले तर. त्यामुळे माझ्याच गावात मी यांच्या मागून परगावच्या बाईसारखी हिंडत होते, आणि हे रस्त्यात दिसेल त्याला पत्ता विचारत होते.

मिसळ आली तेव्हा हे पावाची वाट बघत बसले. आले ब्रेडचे जाड स्लाइस. कटाचा पहिला घोट घेताच यांच्या डोळ्यांतून पाणी. शेजारच्या बाकावरचा माणूस मोठ्यानं म्हणाला, "झेपत नसंल तर दही मागवा की पावणं!" सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. यांनी दही मागवलं नाही, नाक पुसत वाटी संपवली. संध्याकाळी गंगावेशीत म्हशी उभ्या करून समोर धार काढून देतात ते दूध प्यायला गेलो. फेसाचा ग्लास हातात घेऊन यांनी गवळ्याला विचारलं, "गरम केलंय ना?"

"म्हशीनंच केलंय की गरम," गवळी म्हणाला.

दूध प्यायला आलेली तालमीतली पोरं हसली. मी पदर तोंडाला लावला. नवऱ्याची लाज वाटणं हाही संसाराचाच भाग असतो, त्यात मी फार मोठं काही सोसलं असं नाही.

खरी लाज दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाली. यांना खानावळीतलं मटणाचं ताट हवं होतं. मी म्हटलं, तुम्ही जा, मी घरी थांबते. हे ऐकेनात. "अगं, घरी खातेस ना? मग इथं काय झालं?" यांना वाटायचं, माळ फक्त आबांपुरती आहे. यांच्या एका काकांचं तसंच होतं. काका माळकरी आणि बाकीचं घर बिनधास्त खाणारं. आबांना मी काय कबूल केलंय हे मी यांना कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर आपण मोडलं तेही सांगावं लागलं असतं.

खानावळीत बायकांसाठी पडदा लावून एक कोपरा केलेला होता. मी दाराकडे पाठ करून, डोक्यावर पदर घेऊन बसले. सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी. पांढऱ्या रश्श्याची वाटी ओठाला लावली. नारळाचं दूध, मिरी, मटणाचं पाणी. ते इतकं चांगलं होतं की मला रडू यायला लागलं. माझ्या गावातली एवढी चांगली गोष्ट मी चोरासारखी खात होते. मालक स्वतः रश्श्याचं भांडं घेऊन फिरत होता. माझी वाटी भरता भरता तो थांबला.

"तुमी मास्तरांच्या कन्या न्हवं? मी त्यांच्याच वर्गात हुतो की! दिवाळसणाला आलाय व्हय? घ्या, घ्या, लाजू नगासा."

मी हसले. काय करणार? घरी येताना यांनी विचारलं, मला काय झालंय. मी म्हटलं, तिखट लागलं.

रात्रीच्या जेवणाला आबांनी विषय काढला. पहिल्या दिवाळीला जावयानं काहीतरी मागायचं आणि सासऱ्यानं ते द्यायचं, ही रीत. लोक अंगठी मागतात, घड्याळ मागतात, स्कूटरसाठी रुसून बसणारेही मी पाहिलेत. "बोला पावणं, काय पायजे?" आबा म्हणाले. आमच्या यांना वाटलं, सासऱ्याला खर्चात पाडू नये. मोठ्या मनानं म्हणाले, "मामा, अंगठी नको, काही नको. मामींच्या हातचा पांढरा रस्सा खाऊ घाला. घरचा."

आईच्या हातातला पळा वाटीवर आपटला. मी यांच्याकडे बघत होते आणि हे माझ्याकडे बघून हसत होते, की बघ, तुझ्या बापाला कसं स्वस्तात सोडवलं. आबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "दिला."

मी आबांना घरामागच्या परड्यात गाठलं. म्हटलं, मी समजावते त्यांना, दुसरं काहीतरी मागतील. आबा म्हणाले, "जावयानं तोंड उघडून मागितलंय. आता न्हाय म्हनलं तर माझी काय राहिली?"

सकाळी सदऱ्याचं वरचं बटण लावून, माळ आत घेऊन आबा बाहेर पडले. जन्मात मटणाच्या दुकानाची पायरी न चढलेला माणूस. परत आले ते पिशवी अंगापासून लांब धरून. आईला म्हणाले, "मला कुठलं कळतंय त्यातलं? माझा एक विद्यार्थी खानावळ चालवतोय, त्याला घेऊन गेलतो. त्यानंच निवडून दिलं."

त्या मालकानं सांगितलं असेल का? आबांच्या चेहऱ्यावर काही दिसेना. ते हातपाय धुऊन पूजेला बसले आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

चूल परड्यात मांडली. भांडी शेजारून आणली, कारण आमच्या भांड्यांत ते शिजवायचं नव्हतं. आई आठवून आठवून करत होती. मटण उकडताना मीठ घातलं. खसखस, तीळ वाटले, नारळाचं दूध काढलं. रस्सा उकळला तशी ती खाली वाकून बघायला लागली. "एवढ्या वर्सांनी आटवतंय कुटं. मीठ पडलंय का न्हाय बरोबर, कसं कळायचं?" असं म्हणून तिनं पळीभर रस्सा काढला, फुंकला, आणि पळी हातात धरून माझ्याकडे बघितलं. तिनं नुसती पळी धरली होती.

मला फक्त तोंड पुढं करायचं होतं. पण आबा मागच्या दाराशीच बसले होते. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं?" आईनं पळी पातेल्यात उलटी केली, आणि कमी पडायला नको म्हणून चिमूटभर सोडून मूठभर मीठ वर टाकलं.

ताट वाढलं. आबा यांच्या शेजारी पाटावर बसले, स्वतःच्या पुढ्यात वरणभात. मटणाचा वास येत होता तरी जावयाला एकटं जेवू द्यायचं नाही म्हणून. यांनी वाटी उचलून मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग हसत, अगदी सहज म्हणाले, "मामी, मिठाचा हात जरा सैल पडला हं. चव नाही बघितली वाटतं?"

आई भिंतीला टेकली. आबाच बोलले, नेहमीसारखे मोठ्यानं. "कोण बघणार पावणं? घरात खाणारं हाय कोण? हिनं लगीन झाल्यापासनं तोंडाला लावलं न्हाय, आन् लेक तर माझीच."

यांचा हात वाटीवर तसाच राहिला. त्यांनी आईकडे बघितलं, शेजारून आणलेल्या पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पळी घेऊन उभी होते. सगळं यांच्या ध्यानात आलं ते मला चेहऱ्यावर दिसलं. आणि एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा हा माणूस एक अक्षर बोलला नाही. वाटी तोंडाला लावून तो खारट रस्सा त्यानं संपवला. वाटी पुढं केली. मी वाढला, त्यानं तोही संपवला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तेव्हा मला वाटलं.

जेवणं झाल्यावर हे आत जाऊन आडवे झाले. मी परड्यात राखेनं ती पातेली घासत बसले होते. आबा आले, दगडावर बसले. थोडा वेळ पाणी ओतून दिलं. मग खाली बघतच म्हणाले, "पुढच्या खेपंला आईला चव बघून दे. गप उभी ऱ्हाऊ नगंस. माणूस उपाशी उठायचा अशानं."

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मला रडता आलं असतं. मी घासणं थांबवलं. मान वर झाली नाही.

"देशील न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.