आत्या आणि तिचे न धुतलेले टी-शर्ट

माणसांपेक्षा त्यांच्या कपड्यांवर जास्त विश्वास ठेवणारी सोलापुरात एकच बाई होऊन गेली, आणि ती माझी मधली आत्या होती. तोंडानं माणूस काहीही सांगतो, बगलेची शिवण खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं. तीस वर्षं तिनं आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवलं, आणि त्या तीस वर्षांत कधीतरी तिला कपडे वाचता येऊ लागले. बाकीच्या बायका वर्तमानपत्र वाचतात तितक्या सहज. एकदा माझे बाबा तिच्याकडे गेले, बसले, चहा घेतला, तिनं त्यांच्या शर्टाकडे बघून विचारलं, "दादा, दाढ कुठल्या बाजूची दुखतेय, उजव्या ना?" बाबांनी ते आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाढ काढली. त्यानंतर बहिणीकडे जाताना ते कायम घडी न मोडलेला कोरा शर्ट घालत, म्हणजे तिला वाचायला काही सापडू नये. दूधवाल्याला तिनं खांद्याला तेल लावायला सांगितलं, शेजारच्या नवऱ्या मुलाची पँट वाळत घातलेली पाहून हे लग्न एवढ्यात होत नाही असं म्हणाली, आणि ते झालं नाही. लोक तिला मानत असत आणि थोडे लांबूनही जात असत.

स्वतः ती आयुष्यभर इरकल साडीत राहिली. टी-शर्ट तिनं अंगाला कधी लावला नाही. पण तिच्या मागच्या खोलीत शंभरावर टी-शर्ट हँगरवर टांगलेले होते, आणि त्यातला एकही तिनं कधी धुतला नव्हता.

ते कसं सुरू झालं ते सांगायला हवं. आत्यानं लग्न केलं नाही. ती आणि सरकारी दवाखान्यातली एक नर्स, अशा दोघी एकोणीस वर्षं एका घरात राहिल्या. मी त्यांना मावशी म्हणे. घरातले बाकीचे 'आत्याची मैत्रीण' म्हणत. दिवाळीला बाबा आत्याला बोलावत आणि वर म्हणत, मैत्रिणीलाही आण हवं तर. त्या 'हवं तर'ला आत्या उत्तर देत नसे, पण यायच्या दोघी. एका वर्षी त्या पुण्याला समलिंगी लोकांच्या मोर्चाला जाऊन आल्या. आम्हाला सांगितलं होतं, तुळजापूरला देवीला जातोय. येताना सोलापूरच्या स्टँडवरून पेढे घेतले आणि प्रसाद म्हणून वाटले. आम्ही ते कपाळाला लावून खाल्ले. मोर्चात मावशींना एक जांभळा टी-शर्ट मिळाला होता, तो त्या घरात गाऊनवर घालत.

पुढे मावशी आठ दिवसांच्या तापानं गेल्या. दिवस उरकल्यावर त्यांचे पुतणे टेम्पो घेऊन आले आणि कपाट, खाट, शिलाई मशीन सगळं घेऊन गेले. मशीन आत्याचं होतं, पण त्या वेळी तिला बोलता आलं नाही. कपाटाबरोबर फोटो गेले. ती मावशींची कोण लागत होती, हे दाखवायला आत्याकडे कागदाचा कपटाही राहिला नाही. संध्याकाळी ती गच्चीवर गेली तेव्हा तारेवर तो जांभळा टी-शर्ट तसाच राहिला होता. टेम्पोवाल्यांना गच्ची सुचली नव्हती.

यानंतर आत्याचं ते वेड सुरू झालं. ती म्हणे, "आपल्या लोकांची लग्नपत्रिका नाही, लग्नाचा फोटो नाही. पत्रं ज्यांनी लिहिली त्यांनीच जाळली. उरला टी-शर्ट. तोही आई फरशीला घेते. म्हणजे आपला इतिहास करतोय काय, तर घरोघरी फरशी पुसतोय." मग ती तो फरशीवरून उचलायला निघाली. मोर्चाचा, मेळाव्याचा, कुठल्या गावात चार मुलींनी मिळून काढलेल्या कबड्डी संघाचा, असा टी-शर्ट कुणाकडे आहे असं कळलं की ती त्या घरी जाई आणि त्याच्या बदल्यात कोरा करकरीत सोलापुरी टॉवेल देई. एका घरात बादलीवर पिळून टाकलेलं फडकं तिनं टॉवेल देऊन सोडवून आणलं; ती बाई नंतर महिनाभर घरातली सगळी जुनी फडकी घेऊन येत होती. सांगोल्याच्या दोघांनी मित्रमंडळींसाठी छापून घेतलेला एक टी-शर्ट होता, त्यावर 'आम्ही पण' एवढंच होतं. छापणाऱ्याला पुढचा मजकूर वाचता आला नव्हता म्हणे. आत्याला तो सगळ्यात आवडायचा. समलिंगी हा शब्द ती मेथी किंवा कोथिंबीर म्हणावं तितक्या मोकळेपणानं उच्चारी, आणि ऐकणाऱ्यालाही मग तो तसाच वाटू लागे.

ती खोली मात्र मला कधी आवडली नाही. सोलापुरात भुतं असतीलच तर ती दुपारी दोनला फिरत असणार, रस्ते तेव्हाच मोकळे असतात. मी कॉलेज सुटल्यावर नेमकी त्याच वेळेला तिच्याकडे जेवायला जात असे. आत पाय ठेवला की वाटे, आत्ता इथं बरेच जण बोलत होते आणि मला पाहून गप्प झाले. पंखा लावायचा नाही, त्यांचे वास उडतात, असा नियम होता. वारा नाही, पंखा नाही, तरी एखादी बाही हलकेच मागेपुढे होई. आत्या जाता जाता एखाद्या टी-शर्टशी बोले: सरळ राहा, किती वाकतोस. हँगरला अडकवलेल्या कार्डांवरच्या तिच्या नोंदीही तशाच. 'मुलगी. उंच. लोकांसमोर पोट आत घेते.' 'पुरुष, चाळिशीचा. हा टी-शर्ट एकदाच घातला, तोही आतून, शर्टाखाली.' मी एकदा विचारलं, हे तुला कसं कळतं. ती म्हणाली, वरच्या शर्टाच्या बटणांचे ठसे बघ की. पाहिलं तर खरंच पाच ठसे होते, छातीच्या मधोमध, एका रेषेत. मावशींचा जांभळा टी-शर्ट तेवढा ती वाचत नसे. त्याच्याकडे ती नुसती बघे.

मे महिन्यातल्या अशाच एका दुपारी दाराशी एक बाई आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पायांवर धूळ. होटगीहून आल्या होत्या. नवरा रेल्वेत गँगमन होता, आता निवृत्त. टॉवेलवाल्या बाई इथंच राहतात का, असं त्यांनी विचारलं. आत्यानं त्यांना बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊनही त्या बराच वेळ पिशवी मांडीवर घट्ट धरून होत्या. मग त्यांनी त्यातून पिवळा टी-शर्ट काढला. झटकला तर शिवणीतून ज्वारीचे चार दाणे फरशीवर पडले.

हळूहळू सगळं कळलं. थोरला मुलगा पुण्याला नोकरीला होता. एकदा तो हा टी-शर्ट घालून घरी आला. पाठीवर काय लिहिलंय ते बापानं दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि मुलाला त्याच दिवशी घराबाहेर काढलं. टी-शर्ट अंगावरून उतरवून ठेवून घेतला आणि फरशीला लाव म्हणून बायकोपुढे टाकला. तिनं एकदा पुसलं. दुसऱ्यांदा हात वळला नाही. मग तिनं तो ज्वारीच्या डब्यात तळाशी लपवला आणि नवऱ्याला सांगितलं, फाटला. या गोष्टीला सात वर्षं झाली होती. मुलाचा फोन नाही, पत्ता नाही. आता डबा बदलायचा होता आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती.

आत्यानं टी-शर्ट गुडघ्यावर पसरला. तिची बोटं शिवणीवरून फिरली. ती म्हणाली, डावखुरा आहे. बॅग डाव्या खांद्यावर घेतो, तो खांदा पडलाय. आणि विचारात असला की गळ्याची पट्टी तोंडात धरतो.

त्या बाई रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "व्हय. ल्हानपणापासनं चावतोय." आणि मग आत्याला आजवर कुणीच विचारला नव्हता असा प्रश्न त्यांनी विचारला. "बाई, तुमाला एवढं कळतंय, तर त्यो हाय का न्हाय एवढं सांगा."

आत्या उठून मागच्या खोलीत गेली. मी आणि त्या बाई उंबऱ्यात उभ्या राहिलो. आत्यानं डोळे मिटले आणि शाळेतल्या पोरांच्या रांगेतून हात फिरवत जावं तशी त्या टांगलेल्या खांद्यांवरून हात फिरवत चालू लागली. पूर्वेकडच्या भिंतीशी ती थांबली, मागे आली, परत गेली आणि एक निळा टी-शर्ट काढून घेतला. गेल्याच वर्षी पुण्याहून एका गटानं गठ्ठा पाठवला होता, त्यातला तो, वर नाव नसलेला. डावा खांदा घासून गुळगुळीत झाला होता. गळ्याची पट्टी डावीकडून चावलेली होती, आणि दातांच्या खुणा पिवळ्यावरच्या खुणांसारख्याच, एक दात किंचित आडवा.

"गेल्या वर्षापर्यंत तर आहे," आत्या म्हणाली.

बाईंनी तो निळा टी-शर्ट दोन्ही हातांत घेतला आणि लगेच माझ्याकडे बघितलं. गरम हाय, असं त्या पुटपुटल्या. मी हात लावला. गरम होता, आत्ताच कुणी अंगातून काढून द्यावा तसा. मे महिना, त्रेचाळीस अंश, सोलापुरात काय गरम नसतं, असं मी स्वतःला समजावलं. पण तो टांगलेला होता तिथले डावी-उजवीकडचे दोन्ही मी चाचपून पाहिले. गार होते.

आत्यानं पुण्याच्या गटाला फोन लावला. नंबर देता येणार नाही, निरोप देऊ, असं त्यांनी सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. आत्यानं निरोप दिला: गळ्याची पट्टी चावणाऱ्याला सांगा, आई आली होती.

तीन आठवड्यांनी दुपारी मी तिथं जेवत असताना दार वाजलं. मी उघडलं. दारात तिशीतला माणूस होता. मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं, पण तो खांदा मी ओळखत होते. तीन आठवडे तो हँगरवर माझ्यासमोर होता. क्षणभर असं वाटलं, टी-शर्टनंच आता माणूस चढवलाय. त्यानं अजून नावही सांगितलं नव्हतं. मागून आत्या म्हणाली, "आत ये. आणि बॅग दुसऱ्या खांद्यावर घे, पाठ जाईल."

होटगीला शेजाऱ्यांकडे फोन केला. त्याची आई संध्याकाळच्या आत पोचली. भेट मागच्या खोलीतच झाली, कारण बाहेरच्या खोलीत तो बसला नाही. आत्यानं मला स्वयंपाकघरात नेऊन शेंगा सोलायला बसवलं. पाऊण तासानं आतून आईचा आवाज आला.

"तुज्या बापाला सांगून आले म्या."

"काय म्हणाले?" असं तो विचारत असावा.

"काय म्हनला न्हाई. पर ठेसनापतूर सोडाय आला."

त्यावर तो रडू लागला. आत्या शेंगा सोलत राहिली. पुढच्या दिवाळीत तो होटगीला जाऊन आला. बाप फारसा बोलला नाही, पण निघताना त्यानं मुलाची बॅग उचलून दिली, असं नंतर कळलं. दोन्ही टी-शर्ट आईनं आत्याकडेच ठेवले. इथं त्यांना सोबत आहे, म्हणाली.

आत्या गेल्या श्रावणात गेली, झोपेत, कुणाचं काही न वाचता. बाबांनी विचारलं, त्या कपड्यांचं काय करायचं, कुणा गरजूला देऊन टाकू का. मी नाही म्हटलं. मग ते त्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, जांभळा कुठला, तिच्या मैत्रिणीचा का? थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, मैत्रीण नव्हे. पुढचा शब्द त्यांना सापडला नाही, पण ते शोधत होते.

अजून पोस्टानं टी-शर्ट येतात, तिच्याच नावानं. परवा एक आला, अक्कलकोटच्या एका मुलीचा, बरोबर चिठ्ठी नाही, फक्त पाठवणारीचं नाव आणि पत्ता. मी तो गुडघ्यावर पसरला. खिडकीशी नेऊन उजेडात धरला, शिवणीवरून बोटं फिरवली, खांदा पाहिला, गळा पाहिला. मला काही म्हणजे काही कळलं नाही. तो नुसता टी-शर्ट होता, मध्यम मापाचा, हिरवा. शेवटी मी एक कार्ड घेतलं आणि त्या मुलीला लिहिलं: टी-शर्ट पोचला. आत्या आता नाही. मला वाचता येत नाही, म्हणून विचारते, तू कशी आहेस?