लाल कोटवाली

आमच्या घरात सगळ्यांना आवडलेली पहिली वाईट बाई लाल कोट घालायची. खरं तर तिचे फोटो काळे-पांढरे होते. कोट लाल आहे हे काकीनं ठरवलं, आणि काकीनं एकदा ठरवलं की ठरलं.

ही बाई फोटोकादंबरीतली. सत्तरच्या दशकात आमच्या मॉरिशसमध्ये असली जुनी फ्रेंच मासिकं गुडलँड्सच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या मागच्या बाजूला, ढिगानं विकायला असत. नट-नट्यांचे फोटो ओळीनं छापलेले आणि त्यांचं बोलणं डोक्यावरच्या पांढऱ्या फुग्यांत. आई बाजारातून येताना पिशवीत वांग्यांखाली एखादं घालून आणायची. तिला वाचता येत नव्हतं. माझी विधवा काकी आमच्याकडेच राहायची, तिलाही येत नव्हतं. दुपारी त्या दोघी डाळ निवडायला बसत आणि मी चित्रं दाखवत गोष्ट आमच्या घरच्या मराठीत सांगे, मराठी अडली की इथल्या क्रेओल बोलीत. वडाची साल पिंपळाला लावणं भरपूर चालायचं, पण मला विचारणारं कोण होतं?

नायिकांचा मला मनापासून कंटाळा यायचा. त्या खिडकीत उभ्या राहून रडत, जिन्यावरून पडत आणि शेवटी ज्यानं रडवलं त्याच्याच गळ्यात पडत. दुष्ट बायका मात्र कामाच्या होत्या. त्यांच्याकडे गाडी असायची. त्या दार ढकलून आत येत आणि कुणाला न सांगता बाहेर जात. माझी शाळा सुटली होती, लग्न ठरत नव्हतं, आणि कोपऱ्यावरच्या नळावर जायचं तरी मला सांगून जावं लागे. त्यामुळे चांगली बाई आणि वाईट बाई यांच्यातला मला दिसणारा फरक एवढाच होता, की वाईट बाईला बाहेर जाता येतं.

बाबा उसाच्या मळ्यावर सिरदार होते, म्हणजे मजुरांच्या टोळीचे मुकादम. मजूर पाठीमागे त्यांना काय म्हणत ते मला ठाऊक होतं आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. घरात ते कधी ओरडले नाहीत. नुसतं "बघू" म्हणायचे, आणि ते बघू कुणी कधी उलटून विचारत नसे.

त्या वर्षी गुडलँड्सला लोकरीचे स्वेटर विणायची नवी फॅक्टरी निघाली. लिझीन म्हणायचे तिला सगळे. सकाळी तिची व्हॅन आमच्या रस्त्यानं मुली गोळा करत जायची. माझ्याबरोबर शिकलेली शेजारची मुलगी तिच्यातून जाऊ लागली होती, आणि तिनं तिथल्या बाईंना सांगून माझ्यासाठी एक जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती, की व्हॅनचा हॉर्न ऐकला की हातातलं काम थांबायचं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "सिक्लोनचे दिवस जाऊ देत. मग बघू."

सिक्लोन आला, मोठं चक्रीवादळ. आमचं घर पत्र्याचं होतं, पण मागच्या एका वादळात छप्पर उडाल्यावर बाबांनी मागं एक सिमेंटची खोली बांधून घेतली होती. रेडिओवर इशारा आला की तांदूळ, स्टोव्ह, पाण्याचे डबे आणि आम्ही चौघं त्या खोलीत जायचो. बाबांनी खिडकीवर बाहेरून फळ्या ठोकल्या, आत येऊन दाराला आडणा घातला, आणि भर सकाळी आत अंधार झाला. वारा असा होता की बोलायचं तर ओरडावं लागे.

पहिले काही तास काकीनं देवाचं नाव घेतलं. मग रेडिओची बॅटरी गेली आणि सगळं अवघड झालं. बाबा एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालू लागले. खोली लहान, त्यामुळे दर खेपेला आमचे पाय ओलांडावे लागत. हुकूम द्यायला माणसं नाहीत, जायला मळा नाही, अशा अवस्थेत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला आतून थोडं बरं वाटत होतं, हे लपवत नाही. आम्ही बायका रोज अशाच असायचो.

शेवटी काकी म्हणाली, "वाच गो पोरी. लाल कोटवालीचं रायलंय."

"काय लाल कोट?" बाबा म्हणाले.

"तुमचं काय जातंय? तुमी चाला," काकी म्हणाली. दिराला असं बोलायची हिंमत तिच्यातच होती.

मी कंदिलापाशी सरकले आणि वाचायला लागले. गोष्ट साधी होती. एका मोठ्या कापडाच्या गिरणीचा मालक मरतो. त्याचा मुलगा देखणा आणि आळशी. मुलाची होणारी बायको गोड आणि रडकी. आणि लाल कोटवाली ही त्या गिरणीची मॅनेजर. तिला गिरणी स्वतःला हवी असते. त्यासाठी ती खोटं बोलते, नोकरांना फितवते, त्या रडकीला रेल्वे स्टेशनवर चुकीच्या गाडीत बसवून देते.

बाबांच्या येरझाऱ्या कमी झाल्या. मग ते तांदळाच्या गोणीवर बसले.

"ह्या पोराला काम येत नाय," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"नाय येत," मी म्हटलं.

"मग गिरणी कोण चालवतं?"

"तीच."

"मग तिचीच हाय ती," बाबा म्हणाले. "सायेब मेला की त्याचं पोरगं येतं, आणि त्याला ऊस कुठून कापायचा ते ठाऊक नसतं. मी बघितलेत असले."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. बाबा तिच्या बाजूला आले होते. मळ्यावरच्या माणसानं गिरणीवरच्या बाईला ओळखलं होतं. मला वाटलं, आता थोडंच राहिलं. मी तिला आणखी कामाला लावलं. पुस्तकात ती दुपारी हॉटेलात बसून सिगारेट ओढते. माझ्या गोष्टीत ती त्या वेळी यंत्रं तपासत होती. पुस्तकात ती रडकीला गाडीत बसवते ते हसत हसत. माझ्या गोष्टीत तिला नंतर जेवण गेलं नाही.

मग बाबांनी विचारलं, "तिचा बाप कुठाय?"

तिचा बाप पुढच्याच पानावर होता. चाकांच्या खुर्चीत बसलेला म्हातारा, आणि ती त्याला एका आश्रमात ठेवून मागं न बघता निघते. हे सांगितलं असतं तर सगळंच बुडालं असतं. मी बोट त्या फोटोवर ठेवलं आणि म्हातारा एका वाक्यात मारून टाकला.

"बाप नाय तिला. लहानपणीच गेला."

"तरीच," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "म्हणून सगळं एकटीला करावं लागतंय."

काकीनं डोळे पुसले. मी खूश झाले. करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे कळायला अजून अवकाश होता. शेवटची पानं मी वाचली नाहीत. तिथं तिची गाडी कड्यावरून खाली जाते. या गोष्टींत वाईट बाईची गाडी नेहमी कड्यावरूनच जायची. कंदिलातलं तेल संपत आलंय असं सांगून मी पुस्तक मिटलं.

वादळ गेलं आणि बाबांनी आडणा काढला. चुलीच्या खोलीचे पत्रे शेजारच्या आंब्याखाली पडले होते आणि ऊस जिथवर नजर जाईल तिथवर आडवा होता. पुढचे काही दिवस बाबा छपरावर आणि मी शिडीवर, खिळे द्यायला. महिना संपत आला होता. त्यांचा चेहरा बरा दिसला तशी मी विचारलं.

"बाबा, लिझीनचं काय करायचं?"

त्यांनी हातोडी थांबवली नाही.

"ती लाल कोटवाली तुमाला आवडली होती," मी म्हटलं. "तीपण गिरणीतच जायची."

"तिला बाप नव्हता," बाबा म्हणाले. "तुला हाय. खिळा दे."

मी खिळा दिला. दुसरं काय करणार होते? माझ्याच हातानं मारलेला तो म्हातारा दारात आडवा पडला होता आणि त्याला ओलांडून जाता येत नव्हतं. नंतर मी मनातल्या मनात सगळी मासिकं चाळून पाहिली. त्या सगळ्या वाईट बायकांना घरी कुणी नव्हतंच. बाप नाही, काका नाहीत, रस्त्यावर बघणारे शेजारी नाहीत. माझ्याकडे दुष्टपणा हवा तेवढा होता, पण घर भरलेलं होतं. एक तारखेला व्हॅननं हॉर्न दिला, शेजारची चढली, आणि आईनं माझ्यासमोर निवडायच्या डाळीचं सूप ठेवलं. त्या दिवशी तिनं गोष्ट मागितली नाही. मी त्या व्हॅनचा, बाबांचा आणि त्या डाळीचा सारखाच द्वेष केला.

पुढं माझं लग्न झालं, थेट दक्षिणेला, शमें ग्रेनिए नावाच्या गावात. माणसं वाईट नव्हती. दिवसभर घरामागचे भाजीचे वाफे, संध्याकाळी सासूचे पाय. तिथं फ्रेंच मासिकं मिळत नसत आणि मिळाली असती तरी ऐकायला काकी नव्हती. माहेर म्हणजे दोन-तीन बस बदलून जायचं, म्हणून गणपतीलाच जाणं होई.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं तेव्हा बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि मळा सुटला होता. आई त्यांना एकट्यानं दारापर्यंतही जाऊ देत नसे. त्या गणपतीत मी मोदकांचं सारण करत होते आणि ते व्हरांड्यात खुर्चीवर बसून होते. टीव्हीवर कसलासा सिनेमा चालू होता. कुणीतरी कुणालातरी धमकावत होतं.

"ह्यो दुष्ट बेकार हाय," ते म्हणाले. "नुसता ओरडतो. काम काय करतो ते दाखवत नायत." मग त्यांनी माझ्या दिशेनं मान वळवली. "ती तुझी लाल कोटवाली होती ना. तिचं पुढं काय झालं? तू सांगितलंच नायस."

इतकी वर्षं त्यांनी ती बाई सांभाळून ठेवली होती. मला एकदम त्यांची दया आली आणि त्याच्या पाठोपाठ रागही आला. कड्याचं सांगावं असं मनात आलं होतं.

"लग्न झालं तिचं," मी म्हटलं. "शमें ग्रेनिएला."

बाबांनी खुर्चीचा हात चाचपला. मग त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितला.