बाबांचं बिनधुराचं इंजिन

राज्यात कोळशावर चालणाऱ्या वाहतुकीतून वर्षावर्षाला किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, याचा तक्ता करायचं काम निघालं तेव्हा अकोला आणि अमरावती हे दोन जिल्हे आमच्या कॉलेजच्या वाट्याला आले. मी तिथे रसायनशास्त्र शिकवते, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. आताच्या वर्षांचे रकाने मी चहा पिता पिता भरले. कोळशाचं एकही इंजिन धावत नाही, म्हणजे शून्य. एवढ्यासाठी मला दोन तासांच्या शिकवण्यातून सूट मिळाली होती, याची थोडी लाजच वाटली. घोडं अडलं ते जुन्या वर्षांपाशी. मूर्तिजापूरच्या छोट्या रेल्वे लाइनीवर वाफेची इंजिनं होती, पण त्यांचे कागद काही हाती लागेनात.

कागद नव्हते, पण फायरमन होता. माझ्या बाबांचं अर्धं आयुष्य त्या इंजिनांच्या भट्टीत कोळसा टाकण्यात गेलं, आणि ते आईसोबत अजून मूर्तिजापुरातच राहतात. रविवारी सकाळी मी अमरावतीहून त्यांच्या आवडीचा, दह्यातला गिला वडा घेऊन गेले आणि वही उघडली.

एवढा मान बाबांना कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. त्यांनी आधी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि मग खुर्चीत ताठ बसून जबाब दिल्यासारखं सांगू लागले. एका फेरीला किती टोपल्या कोळसा, कोणत्या चढावर किती बेलचे, म्हणजे फावडी, सगळं तोंडपाठ. कार्बन डायऑक्साइडचं विचारलं तर म्हणाले, तो रकाना कोराच ठेव. काळा धूर काढतो तो फायरमन अडाणी. बाबा कोळसा थोडा थोडा, भट्टीभर पसरून टाकायचे, आणि त्यांच्या इंजिनाला म्हणे धूरच नसायचा. आई आतून म्हणाली की राख वेचायला येणाऱ्या बाया म्हणूनच यांच्या नावानं बोटं मोडायच्या. इतरांच्या राखेत अर्धवट जळालेले खडे मिळायचे, त्यावर चूल पेटायची. यांच्या राखेनं फक्त भांडी घासता यायची. बाबांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकवायची खोड वाईट. मी समजावून सांगितलं की काळा धूर म्हणजे न जळालेला कोळसा. कार्बन डायऑक्साइड तर डोळ्यांना दिसतच नाही, आणि तेवढाच कोळसा जितका नीट जळेल तितका हा वायू जास्त निघतो.

बाबांनी पुढ्यातली वड्याची वाटी बाजूला सारली.

“म्हंजे त्या अडाण्यायपेक्षा माह्याच कोळशानं हवा जास्त खराब केली?”

मी हो म्हणाले. तेवढ्याशा लाइनीचा वाटा राज्याच्या तक्त्यात दिसणारही नाही, असं वर म्हणाले, तर ते आणखीच दुखावले. गिला वडा वाटीत तसाच राहिला. आई माझ्याकडे बघेना. मला स्वतःचाच राग आला. या माणसाला आयुष्यात एका गोष्टीचा अभिमान होता, आणि तो मी फुकटात, घरी येऊन, काढून घेतला होता.

मग मला एक वाट दिसली. टाकलेल्या कोळशापैकी किती जळाला, असाही एक रकाना तक्त्यात असतो. थोडा राखेत गेला असं धरून आकडा जरा कमी लिहायची मुभा असते. मी बाबांना म्हटलं, इथे आपण थोडं कमी धरू, म्हणजे तुमच्या नावावर वायूही कमी लागेल. वाटलं, कळी खुलेल.

त्यांनी चष्मा लावला, वही माझ्या हातातून घेतली आणि तो रकाना बोटानं शोधून काढला.

“राखेत गेला असं कावून लिव्हतं? माह्या राखेत खडा नव्हता. पूरा जळला, असं लिव्ह.”

मग दोषही पूर्ण तुमच्याकडे येईल, मी म्हटलं.

“येऊ दे. पन मी कोळसा कच्चा ठेवला, असं कोनी वाचू नये.”

मी पूर्ण, म्हणजे शंभर टक्के, लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, वही परत दिली आणि वड्याची वाटी पुढे ओढली. शून्यं सोडली तर त्या सबंध तक्त्यात माझी खात्री असलेला तो एकच आकडा आहे.